मुंबई ते खारेपाटण : खाड्यांच्या टोकांवरून
(द्वितीय वर्ष, कला)

प्रवासवर्णन म्हटले की काश्मीर आठवते, उटी आठवते, फार तर काशी-रामेश्वर. ज्या रस्त्याने आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची माणसे वर्षातून निदान एकदा तरी रात्रभर अवघडून प्रवास करतात, त्या मुंबई-गोवा रस्त्यावर मात्र कोणी लिहीत नाही. त्याच्याबद्दल नुसते बोलले जाते, आणि तेही शिव्या घालून. शिव्या रास्तच आहेत. पण तेवढ्याने रस्ता समजत नाही. तो इतका वळणावळणाचा का, दर थोड्या अंतराने एक पूल आणि दोन पुलांच्या मध्ये एक घाट असे का, हा प्रश्न मला २०२४ च्या गणपतीत पडला. कारण तेव्हा मी हा सारा रस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत आयुष्यात प्रथमच जागेपणी पाहिला.

झाले असे की, चुलत बहिणीच्या साखरपुड्यासाठी मी परळला काकांकडे गेलो होतो आणि परत येताना त्यांच्याच कुटुंबाबरोबर निघालो. त्या वर्षी चतुर्थी ७ सप्टेंबरला, शनिवारी होती. आम्ही गुरुवारी रात्री नऊला गाडी सुरू केली. भाड्याची गाडी सात आसनांची, माणसे चालकासह नऊ; शिवाय टपावर बांधलेल्या बॅगा, विजेच्या माळांचे खोके आणि काकीने दादरहून घेतलेले पूजेचे सामान. पुढच्या आसनावर आमचे आजोबा. वय ब्याऐंशी. परळच्या गिरणीत पंचवीस वर्षे काढलेला हा माणूस १९८२ च्या संपानंतर गावी परतला. एरवी तो मुंबईला जायचे नाव काढत नाही, पण नातीच्या साखरपुड्याला गेला होता. मुंबई ते खारेपाटण हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. आम्ही घरी पोचलो ते शुक्रवारी दुपारी तीनला. म्हणजे अठरा तास!

पनवेल सोडले की पेण येते. इथे एक गंमत दिसते. पेण आणि जवळचे हमरापूर ही गणपतीच्या मूर्ती घडविणारी गावे. तिथल्या मूर्ती मुंबईला जातात, परदेशीही जातात. म्हणजे चतुर्थीच्या आधीचे कित्येक दिवस याच रस्त्याने देव उत्तरेला चाललेले असतात आणि मग त्यांचे भक्त दक्षिणेला निघतात. आमच्या गाडीतली सगळी माणसे पेणलाच झोपली. मी आणि आजोबा जागे राहिलो.

वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड, इंदापूर, माणगाव. माणगावच्या अलीकडे गाडी जी थांबली ती अडीच तास. पुढे मागे दिव्यांची रांग, कुणी खाली उतरून भजन म्हणते आहे, कुणी स्टोव्ह पेटवून चहा करते आहे. मी मोबाइलवर नकाशा काढला आणि मोठा करून पाहू लागलो. भूगोलाच्या तासाला कोकणातील नद्या पाठ केल्या होत्या, त्या सगळ्या या एका रस्त्यावर ओळीने टांगलेल्या दिसल्या. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री आणि सोनवी, मग बाव, काजळी, मुचकुंदी, राजापूरची अर्जुना, आमची शुक, कणकवलीला जानवली आणि गड. आणि आपण बाजारपेठेची गावे म्हणून जी नावे घेतो ती जवळजवळ सगळी याच नद्यांवर, तीही एका विशिष्ट जागी आहेत.

ती जागा कोणती, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या रस्त्याचे सारे मर्म त्यात आहे. कोकणची पट्टी अरुंद. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटर. नद्या डोंगरातून उड्या मारीत उतरतात आणि लगेच खाडीला मिळतात. खाडीत भरतीचे पाणी आत चढते ते एका ठिकाणापर्यंतच. त्याच्या वर गोडे पाणी, खडक आणि उतार. जिथवर भरती चढते तिथवर होडी येणार. तिथे माल उतरणार, बैलांच्या पाठीवर चढणार आणि घाटमाथ्याला जाणार. साहजिकच तिथे बंदर आणि बाजारपेठ वसणार. नागोठणे, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही सगळी अशी खाडीच्या टोकाची बंदरे. राजापूरला इंग्रजांनी वखार घातली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी ती लुटली, ती काही उगाच नव्हे. समुद्रापासून इतक्या आत असूनही तिथे लुटण्याजोगा माल होता.

आता मुंबईहून दक्षिणेला जाणारा रस्ता कोठून न्यायचा? किनाऱ्याने न्यावा तर खाड्यांची मुखे रुंद. अगदी आजही दाभोळ आणि जयगडच्या खाड्या बोटीत गाडी चढवून ओलांडाव्या लागतात. डोंगराच्या पायथ्याने न्यावा तर सह्याद्रीच्या सोंडा आडव्या येतात. मधला मार्ग उरतो तो खाडी जिथे संपते तिथला. तिथे नदी अरुंद असते आणि पूल घालता येतो. म्हणून रस्ता एका खाडीच्या टोकाकडून दुसऱ्या खाडीच्या टोकाकडे जातो. मधली सोंड चढायची म्हणजे घाट: कशेडी, भोस्ते, परशुराम, निवळी. ती उतरायची म्हणजे पुन्हा नदी आणि पूल. कोकणातील जुनी रहदारी सगळी पूर्व-पश्चिम चाले, समुद्रातून खाडीत आणि खाडीतून घाटावर. आपला महामार्ग तिला काटकोनात आडवा जातो. लाकूड रेषेच्या आडवे तासले तर रंधा जसा अडखळतो, तसा हा रस्ता चारशे किलोमीटर अडखळत येतो.

हे मी आजोबांना सांगितले, तेव्हा ते हसले. त्यांना हे भूगोल न शिकता ठाऊक होते. ते पंधराव्या वर्षी प्रथम मुंबईला गेले ते खारेपाटणच्या बंदरातून. ओहोटी धरून मचवा सुटे आणि खाडीतून खाली विजयदुर्गाला पोचे. तिथे आगबोटीची वाट पाहायची. बोट खोल पाण्यात उभी राही. माणसे पडावातून नेऊन वर चढवीत. मग रात्रभर डेक आणि ओकाऱ्या, आणि दुसऱ्या दिवशी मुंबई. पण पावसाळ्यात आगबोटी बंद असत आणि गणपती तर भर पावसाळ्यात. मग गणपतीला कसे येत असत? मी विचारले. म्हणाले, "आगगाडीन कोल्हापूर, थयसून यष्टीन बावड्याचो घाट." म्हणजे मुंबईहून पुणे-मिरज करीत कोल्हापूर गाठायचे आणि गगनबावड्यावरून खाली खारेपाटणला उतरायचे. समुद्रातून या नाहीतर घाटावरून या, येणे पूर्व-पश्चिमच. उत्तरेकडून थेट दक्षिणेला येण्याची सोय पुढे पूल पक्के होत गेले तशी झाली.

आणि पुलांवर उभा असलेला रस्ता पुलांबरोबरच पडतो. महाडला सावित्रीवरून जाताना गाडीतले बोलणे आपोआप थांबले. १९२८ साली बांधलेला तिथला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. अंधारात येणाऱ्या गाड्यांना पुढे पूल नाही हे कळले नाही. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. मी तेव्हा पाचवीत होतो. राजापूरची गाडी म्हणजे आमच्या शेजारच्या गावची गाडी. त्या सकाळी बाजारपेठेत जो तो दुसऱ्याला एकच विचारीत होता, काल तुमच्याकडचे कोणी निघाले होते का? नवा पूल दहा महिन्यांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. एवढ्या झपाट्याने या रस्त्यावर दुसरे काही बांधले गेल्याचे मला आठवत नाही. दुसरे उदाहरण २०२२ च्या सप्टेंबरचे: लांज्याजवळ अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत पडला आणि दिवसभराहून अधिक काळ सगळा महामार्ग बंद. बाजूने जायला समांतर हमरस्ता नाहीच. दोरीत ओवलेल्या मण्यांपैकी एक मणी फुटला की सगळी माळ थांबते.

पहाट कशेडीला झाली. कशेडीच्या डोंगरातून आता सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा गेला आहे. त्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीत लहान गाड्यांसाठी प्रथम उघडली होती. पूर्वी तासभर घेणारी वळणे काही मिनिटांत संपली आणि गाडीतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे. मी तेव्हा बालवाडीत होतो, आता बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे! पण ते नुसते आळसाने रखडले असे म्हणणेही अर्धवट ठरेल. परशुराम घाटात डोंगर कापायला घेतला तर दरडी येऊ लागल्या आणि २०२२ च्या उन्हाळ्यात रोज काही तास घाट बंद ठेवून काम करावे लागले. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ रोजी खचून पडला. जांभा दगड, लाल माती आणि चार महिन्यांचा पाऊस यांच्याशी भांडत रस्ता रुंद करायचा म्हणजे अवघडच. फक्त अवघड काम नीट करणे आणि अवघड आहे म्हणून कसेही करणे यात फरक असतो, एवढे प्रवाशांना कळते.

चिपळूणची वाशिष्ठी मात्र मला सबंध रस्त्यात सर्वांत वेगळी वाटली. तिच्यात घाटापलीकडचेही पाणी आहे. कोयनेचे पाणी वीज तयार करून झाल्यावर पश्चिमेला सोडले जाते आणि ते वाशिष्ठीला मिळते. म्हणजे जो माल पूर्वी बैलांवरून घाट उतरून चिपळूणच्या बंदरात येई, त्याच दिशेने आता पाणी येते.

संगमेश्वर, हातखंबा, पाली, लांजा हा टप्पा मी झोपेत काढला, तेव्हा त्याबद्दल लिहीत नाही. राजापूरला जाग आली.

राजापुरानंतर आमचे खारेपाटण. रत्नागिरी जिल्हा संपतो, सिंधुदुर्ग सुरू होतो. १९८१ पूर्वी ही सीमाही नव्हती. आज बाहेरच्या माणसाला खारेपाटण म्हणजे महामार्गावरचा एक थांबा वाटेल. पण हे गाव विजयदुर्गापासून खाडीने सुमारे चाळीस किलोमीटर आत असलेले जुने बंदर आहे. इथे शिलाहार राजांचे दोन प्रसिद्ध ताम्रपट सापडले. पहिला दक्षिण कोकणच्या रट्टराजाचा, शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा. तो प्रथम प्रसिद्ध केला तो बाळशास्त्री जांभेकरांनी. हे आपल्या शेजारच्या पोंभुर्ल्याचे. 'दर्पण'कार म्हणून आपण त्यांची जयंती साजरी करतो, पण त्यांनी आपल्याच मुलखातला हा पत्रा वाचला, हे मला ग्रंथालयात इतिहासाचे पुस्तक चाळेपर्यंत कोणी सांगितले नव्हते. दुसरा ताम्रपट उत्तर कोकणच्या अनंतदेवाचा, शके १०१६ चा.

या दोन्ही ताम्रपटांत जकातीचा विषय आहे आणि त्यामुळेच ते या लेखात आले. रट्टराजाच्या पटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने देवस्थानाला नेमून दिले आहे. अनंतदेवाच्या पटात बलिपत्तनच्या दोघा भावांना, जे राजाचे मंत्री होते, ठाणे, सोपारा, चौल वगैरे बंदरांतली जकात माफ केली आहे. हे बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण असे काही अभ्यासक मानतात. मला हे वाचून हसू आले, कारण आमच्या गाडीच्या काचेवरही जकातमाफीचा पट चिकटवलेला होता! गणपतीसाठी कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार टोलमाफीचा पास देते. काकांनी तो पोलीस चौकीवरून आणला होता. पास मुंबई-पुणे आणि पुणे-कोल्हापूरच्या वाटेवर उपयोगी पडतो. म्हणजे महामार्ग तुंबला की चाकरमानी आजही कोल्हापूरवरून घाट उतरून येतात, आजोबा येत होते त्याच वाटेने. नवशे वर्षांपूर्वी दोघा श्रेष्ठींना मिळालेली माफी आता परळच्या गिरणी कामगाराच्या मुलालाही मिळते, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

लांबचा कौटुंबिक प्रवास जगात सगळीकडेच माणसे करतात. काकांच्या चाळीतली एक मुलगी लग्न होऊन टोरोंटोला असते. ती साखरपुड्याला आली होती. ते लोक उन्हाळ्यात मुलांना घेऊन पूर्व कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटापर्यंत गाडीने गेले होते. अंतर दीड हजार किलोमीटरच्या वर. तिथेही शेवटी समुद्र आडवा येतो. पूर्वी फेरीबोटीत गाडी घालावी लागे, १९९७ साली जवळजवळ तेरा किलोमीटरचा पूल झाला. टोल फक्त बेटावरून परत येताना घेतात. टोरोंटो ते मॉन्ट्रियल हे पाचशे चाळीस किलोमीटर अंतर त्यांनी सहा तासांत काटले, असे तिने सांगितले तेव्हा काका काही बोलले नाहीत. तिने मात्र एक गोष्ट बोलून दाखवली. वाटेत त्यांना कोणी ओळखीचे भेटले नाही. आमच्या अठरा तासांत माणगावच्या रांगेत आजोबांना शेर्प्याचे दोघे, चिंचवलीचा एक आणि गिरणीतला त्यांचा जुना सोबती, अशी चार माणसे भेटली.

आता माझ्या घरची गोष्ट. हमरस्त्याच्या कडेला माझ्या बाबांची चहाची टपरी आहे. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, आई तिसरीपर्यंत. गणपती, शिमगा आणि मे महिना या तीन हंगामांत मुंबईच्या गाड्या थांबतात तेवढ्या मिळकतीवर आमच्या घराचे वर्ष चालते आणि माझी कॉलेजची फी त्यातूनच भरलेली आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा टपरी मागे, बाजूच्या जोडरस्त्यावर गेली. जागा सरकारी असल्याने मोबदल्याचा प्रश्न नव्हता. शुकनदीवर नवा रुंद पूल आहे आणि त्यावरून गाड्या भरधाव जातात. ज्याला खारेपाटणात काम आहे तोच खाली उतरतो. एस. टी. च्या जादा गाड्या, आणि त्या गणपतीत चार-पाच हजारांच्या घरात असतात, त्यातल्याही पुष्कळशा आता वाडीवाडीतल्या मंडळांनी मिळून ठरवलेल्या, थेट घरापाशी जाणाऱ्या.

बाबांना मी विचारले, रस्ता पुरा होऊन मुंबई सहा तासांवर आली तर आपले काय? ते म्हणाले, "रस्तो बरो होवकच व्हयो. माका च्या इकूक लोकांका अठरा तास बसवून ठेवचे काय?" आणि कपबशा विसळू लागले. या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातही मला ते मिळाले नाही. गावाने असे एकदा सोसलेले आहे एवढे मात्र खरे. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते येईनाशी झाली, मचवे थांबले, तेव्हा खाली बंदराच्या बाजूची पेठ ओस पडू लागली आणि जिवंतपणा वर हमरस्त्याकडे सरकला. आजही पावसाळ्यात शुकनदीचे पाणी त्या खालच्या पेठेत शिरते. दुकानदार माल माळ्यावर चढवतात आणि पाणी उतरले की चिखल काढतात. बंदर गेले तरी पाण्याने वाट सोडलेली नाही. आता हमरस्ताही गावाच्या डोक्यावरून निघून चालला आहे.

२०२५ च्या गणपतीसाठी आणखी दोन वाटा निघाल्या. कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीवर चढवून कोलाडहून वेर्ण्यापर्यंत न्यायची सोय केली आणि आपल्या नांदगावलाही तिचा थांबा दिला. काकांनी हिशेब केला आणि भाडे परवडत नाही म्हणून बेत सोडला. दुसरी घोषणा झाली ती मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून विजयदुर्गापर्यंत माणसे आणि गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीची. ती बातमी मी आजोबांना वर्तमानपत्रातून वाचून दाखवली. विजयदुर्गाचे नाव येताच ते उठून बसले. पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, "आणि विजयदुर्गसून हय कसा येवचा? मचवो खय हा आता?"

तळेऱ्यापर्यंत एस. टी. आहे, तिथून रिक्षा मिळेल, असे मी त्यांना सांगितले.